पाणी प्यायलं तर जायचं कुठं?

आमच्या घरात डोकेदुखीची वेळ ठरलेली होती. असरची नमाज झाली की अम्मी दुपट्ट्याची लांब घडी करायची, कपाळाभोवती करकचून आवळायची आणि मागे गाठ मारायची. मग हाक यायची, "सर दुखरा रे, बाम ला जरा." मगरिबपर्यंत ती तशीच बसायची. आम्ही भावंडं हळू बोलायचो. अब्बांनी कधी विचारलं नाही की हे रोज का होतं. आम्हीही नाही. बायकांचं डोकं दुखतंच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

अम्मी गेली. पण तो दुपट्टा मला परवा पुन्हा दिसला, बाजीच्या कपाळावर.

माझी बाजी तालुक्याच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानात काम करते. सकाळी दहा ते रात्री साडेआठ. भावजी गेल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं. घरी आली की आधी डोकं बांधते, मग एक गोळी घेते, मग स्वयंपाक. ही गोळी पूर्वी आठवड्यातून एकदा होती, नंतर दिवसाआड झाली आणि आता रोजची. मेडिकलवाला नाव न विचारता पाकीट काढून देतो.

शेवटी मी तिला जबरदस्तीने डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बीपी बघितलं, ठीक निघालं. डोळे तपासून झाले, चष्म्याचा नंबर तोच. रक्तात हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. ते आपल्याकडच्या निम्म्याअधिक बायकांचं कमीच असतं म्हणून बाजीला त्याचं काही वाटलं नाही. डॉक्टरीणबाईंना मात्र वाटलं, त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. आणि मग सहज विचारल्यासारखा एक प्रश्न विचारला.

"दुकानात असताना लघवीला किती वेळा जाता?"

बाजीने माझ्याकडे बघितलं. मी उठून बाहेर गेलो. दार लोटलेलं होतं, तरी उत्तर ऐकू आलं, "जातच नाही."

"दिवसभर?"

"पाणी पिऊं तो जाऊं कां, डॉक्टर?"

मी शाळामास्तर आहे. रोज परिपाठाच्या वेळी मुलांना सांगतो, पाणी प्या, उन्हाळा आहे, भरपूर पाणी प्या. बाहेरच्या बाकड्यावर बसून मला पहिल्यांदा वाटलं की हे वाक्य मी किती फुकटचं बोलत आलोय.

आधी पाणी आणि डोकेदुखी यांचा नक्की काय संबंध आहे ते सांगतो. कारण यात दोन टोकं आहेत. एका टोकाला सगळ्या दुखण्यांवर पाणी हा इलाज सांगणारे मोबाइलवरचे वैद्य आहेत, आणि दुसऱ्या टोकाला पाण्याने काय होतंय असं म्हणून गोळी गिळणारे आपण.

शरीरातलं पाणी कमी झालं की काही जणांचं डोकं दुखतं, ही गोष्ट खरी आहे. मेंदूला स्वतःला दुखत नाही, दुखतं ते त्याच्या भोवतालच्या आवरणांना आणि रक्तवाहिन्यांना. पाणी घटल्यावर त्यांच्यावर ताण येत असावा, असं डॉक्टर मानतात. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी अशा डोकेदुखीची वेगळी नोंद केली. त्यांना भेटलेल्या लोकांपैकी बऱ्याच जणांचं डोकं पाणी प्यायल्यावर अर्ध्या तासात थांबलं होतं, काहींना एक ते तीन तास लागले. हालचाल केली, वाकलं की ठणका वाढणं हे तिचं एक लक्षण. बाजी खाली वाकून साड्यांचे गठ्ठे उचलताना "डोळ्यांपुढे येतं" म्हणायची, ते मला तेव्हा आठवलं.

पण पाणी प्यायलं म्हणजे प्रत्येक डोकेदुखी पळाली, असं नाही. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये वारंवार डोकं दुखणाऱ्या शंभरेक लोकांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं. डोकं दुखण्याचे तास मोजले तर फारसा फरक निघाला नाही. तरीही जास्त पाणी पिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आम्हाला आता बरं वाटतं, रोजचं जगणं सोपं झालं, असं सांगितलं. म्हणजे उपाय छोटा आहे, सगळ्यांना लागू नाही, पण ज्याचं पाणीच कमी पडतंय त्याला तो आधी करून बघायला हवा. त्याला खर्च नाही.

रोज आठ ग्लास हा आकडाही असाच सगळ्यांच्या तोंडी बसलेला आहे. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी शिफारशीत दिवसाला अडीच लिटर पाण्याचा उल्लेख होता. त्यातलं बरंचसं पाणी जेवणातूनच मिळतं, हे त्यात लगेच पुढे लिहिलं होतं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं, दुसरं सोडून दिलं. वरण, ताक, खरबूज, कालवण यातलं पाणीही पाणीच आहे. उन्हात राबणाऱ्याला जास्त लागतं, सावलीत बसणाऱ्याला कमी. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या माणसाने डॉक्टरला विचारल्याशिवाय पाणी वाढवू नये. बाकीच्यांनी लघवीचा रंग बघावा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गर्द असेल तर पाणी कमी पडतंय. अर्थात, हे बघायलाही आधी जायला जागा लागते.

आता रमजानची गोष्ट काढतो, कारण आपल्याकडे डोकेदुखीचा विषय निघाला की रोजा पुढे येतो. पहिल्या दोन-तीन रोज्यांना संध्याकाळी अर्ध्या मोहल्ल्याचं डोकं दुखत असतं. हे फक्त आपलंच आहे असं समजू नका. ज्यू लोक योम किप्पुरला पूर्ण दिवस अन्नपाण्याशिवाय राहतात, त्या दिवसाच्या डोकेदुखीवर इस्रायलमधल्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये लिहिलं. त्यानंतर चार वर्षांनी सौदी अरेबियातल्या डॉक्टरांनी रमजानच्या पहिल्या दिवसाची डोकेदुखी तपासली. दोन्हीकडे दिसलं ते असं, की उपवासाचे तास वाढत जातात तसं डोकं दुखणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, आणि एरवीही ज्यांचं डोकं दुखतं त्यांना त्रास जास्त होतो. सौदीच्या अभ्यासात बाहेरचं मोठं कारण निघालं ते चहा-कॉफी अचानक बंद होणं.

हे आपल्याला पटायला हरकत नाही. दिवसाला सहा कप चहा पिणारा माणूस एका पहाटे एकदम थांबतो. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, म्हणजे बरोबर इफ्तारच्या आधी. दोष तो रोज्याला देतो. शाबानच्या शेवटच्या आठवड्यात रोज एकेक कप कमी करत गेलं तर पहिला रोजा बराच सोपा जातो, हे मी स्वतःवर करून पाहिलं आहे. दुसरी चूक सहरीची. अजानला पाच मिनिटं राहिली की आपण तांब्याभर पाणी घटाघट ओततो. एवढं पाणी शरीर साठवून ठेवत नाही, त्यातलं बरंचसं थोड्या वेळात बाहेर टाकून मोकळं होतं. इफ्तार ते सहरी या वेळात तेच पाणी थोडं थोडं करून प्यायलं तर उपयोग होतो. तरावीहला जाताना सोबत बाटली ठेवली तर कुणी हसणार नाही. खजूर आणि पाण्याने रोजा सोडण्याची सुन्नत आपण पाळतो, मात्र त्यानंतर लगेच भजी, समोसे आणि लालभडक गोड सरबत यांवर तुटून पडतो. पाणी मागे राहतं ते राहतंच.

आणि ज्याला रोज्यात खरंच आजार होतो, त्याला सूट आहे. सूरह बकरामध्ये आजारी आणि प्रवासी यांना रोजे नंतर पूर्ण करायची मुभा स्पष्ट दिलेली आहे. अर्धशिशीने उलट्या करत, अंधाऱ्या खोलीत पडून "आता तासच राहिलाय" म्हणत दिवस काढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना ही मुभा कुणी सांगत नाही. सांगितली तरी लोक काय म्हणतील हा प्रश्न मोठा असतो.

पण रमजानच्या बाबतीत बाजीने मला जे सांगितलं ते ऐकून मी गप्प झालो. मी तिला विचारलं, रोज्यात जास्त दुखतं का? ती म्हणाली, "नहीं रे, उतनाच." आधी मला ते खरं वाटलं नाही. मग लक्षात आलं. सकाळी निघताना ती अर्धा कप चहा घेते, पाणी मुद्दाम पीत नाही, आणि रात्री नऊला घरी आल्यावर पहिला ग्लास. जवळजवळ अकरा तास. तिचा पाण्याचा रोजा बाराही महिने चालू होता. रमजानमध्ये निदान मगरिबला दुकानात खजूर आणि पाणी मिळतं. बाकीच्या महिन्यांत तेही नाही.

तिच्या दुकानात संडास-बाथरूम नाही. मालक आणि पुरुष कामगार मागच्या गल्लीतल्या भिंतीकडे जातात. नगरपालिकेची मुतारी दोन गल्ल्या सोडून आहे, तिथे बायकांच्या बाजूला कुलूप, किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. दुकानात पाच बायका आहेत, तीन आपल्या, दोन हिंदू. पाचही जणी पाणी पीत नाहीत. पाचही जणींचं डोकं दुखतं. दोघींना लघवीच्या जळजळीचा त्रास आहे. यावर त्या आपसात बोलल्या होत्या, घरी कुणी बोललं नव्हतं. पाळीच्या दिवसांत त्या काय करतात, ते मी विचारलं नाही.

हे एका दुकानाचं गाऱ्हाणं नाही. केरळात कोझिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारातल्या दुकानांमधल्या बायकांचं असंच होतं. दिवसभर उभं राहायचं, बसलं तर पगार कापायचा, आणि लघवीला जायची सोय नाही म्हणून पाणी प्यायचं नाही. पी. विजी नावाच्या शिंपीकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र केलं. कित्येक वर्षं लढल्या. २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात बदल केला आणि काम करताना बसायचा हक्क लिहून घेतला. मुंबईतही २०११ च्या सुमारास 'राइट टू पी' या नावाने महिला संघटनांनी मोहीम सुरू केली. बायकांसाठी फुकट, स्वच्छ, सुरक्षित मुताऱ्या द्या, एवढीच मागणी. तेव्हा आपल्यातले काही जण त्या नावालाच हसले होते. मीही हसलो होतो.

माझ्या शाळेतही हेच चाललं होतं आणि मला दिसत नव्हतं. मुली सकाळी भरलेली बाटली घेऊन येतात आणि संध्याकाळी भरलेलीच परत नेतात. शाळेत मुलींचं स्वच्छतागृह आहे, पण त्याला पाणी नाही आणि दाराची कडी मोडलेली. सातवीतली एक मुलगी दर दुपारी बाकावर डोकं टेकवून पडायची. मी तिला आळशी म्हणत होतो. केरळातल्या काही शाळांनी २०१९ मध्ये पाण्याची घंटा सुरू केली, दिवसातून काही वेळा घंटा वाजली की सगळ्यांनी पाणी प्यायचं. कल्पना मला आवडली. पण आमच्याकडे नुसती घंटा वाजवून काय होणार? आम्ही आधी कडी बसवली, ड्रम भरून ठेवायला सुरुवात केली. महिनाभराने बाटल्या अर्ध्या रिकाम्या जाऊ लागल्या. यात माझं कौतुक काही नाही, कडीला नव्वद रुपये लागले. ते नव्वद रुपये खर्च करायला मला अकरा वर्षं लागली.

आता जे बोलायचं आहे ते आपल्याच लोकांशी.

तहानेची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. मुहर्रममध्ये गल्लोगल्ली सबील लागते, करबलाच्या तहानेची आठवण म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी-सरबत पाजतात. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतलं पाणी पाजल्यामुळे एका बदनाम बाईचे गुनाह माफ झाले, ही हदीस लहानपणी मदरशात ऐकलेली असते. पैठणच्या एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेलं गंगाजल वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट शाळेत ऐकलेली असते. शहराला पाणी पाजण्यासाठी मलिक अंबरने खडकीत, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत, जमिनीखालून नहर आणली, तिचा अभिमान आपण भाषणात सांगतो. पाणी पाजणं हे सवाबचं काम, याबद्दल दुमत नाही.

मग पाणी पिणाऱ्या बाईने जायचं कुठं, हा प्रश्न सवाबच्या बाहेरचा कसा?

आमच्या बाजारपेठेत मधोमध मस्जिद आहे. बोअरला बारमाही पाणी आहे. ओळीने नळ लावलेला वजूखाना आहे, फरशी घातलेले चार संडास आहेत, रोज धुतले जातात. अख्ख्या पेठेत एवढी स्वच्छ जागा दुसरी नाही. ती फक्त पुरुषांसाठी आहे. बाजी त्या मस्जिदीपासून साठ पावलांवर दहा तास तहानलेली उभी असते.

पुण्यातल्या एका दांपत्याने २०१९ मध्ये महिलांच्या मस्जिदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२० च्या जानेवारीत प्रतिज्ञापत्र दिलं, की बायकांना मस्जिदीत येऊन नमाज पढायला इस्लामची मनाई नाही. म्हणजे नमाजच्या बाबतीतही दार बंद नाही, आणि माझं मागणं तर नमाजचंही नाही. मागच्या गल्लीच्या बाजूने एक वेगळं दार काढा, चारातले दोन संडास त्या दाराला जोडा, बाहेर बायकांसाठी पिण्याच्या पाण्याचा एक नळ ठेवा. नमाजी आणि बायका यांची गाठही पडणार नाही. येणाऱ्या बाईला तिचा धर्म विचारू नका. चंद्याच्या पावतीवर मला 'सबील' असंच लिहून द्या, मी पहिली पावती फाडतो.

जुम्म्यानंतर हे मी कमिटीपुढे मांडलं. एकाने विचारलं, पाकीचं काय? मी म्हटलं, पाकीसाठीच तर म्हणतोय. दुसरे म्हणाले, आज संडास मागतील, उद्या सफमध्ये उभ्या राहतील. सगळ्यात वयस्कर चाचा बराच वेळ दाढीवरून हात फिरवत बसले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मेरे घर में भी तीनों बहुओं का सर दुखता है रे." एवढंच. विचार करू, असं ठरलं आहे. या गोष्टीला तीन महिने झाले.

बाजीचं म्हणाल तर फरक आहे. डॉक्टरीणबाईंनी रोजची गोळी बंद करायला लावली. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस वेदनाशामक गोळी घेत राहिलं तर त्या गोळीनेच डोकं दुखायला लागतं, आणि अंगात पाणी कमी असताना त्यातल्या काही गोळ्या किडनीला त्रास देतात, हे त्यांनी तिला कागदावर चित्र काढून समजावलं. त्या बंद केल्यावरचे पहिले दहा दिवस फार वाईट गेले. अचानक घाव घातल्यासारखं डोकं दुखलं, तापासोबत मान आखडली, हाता-पायातली शक्ती गेली, तर पाणी पीत घरी बसायचं नाही, सरळ दवाखान्यात यायचं, हेही त्यांनी बजावलं होतं. तसं काही झालं नाही. आता आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी दुखतं. अर्धशिशी आहेच, ती पाण्याने गेलेली नाही. लोहाच्या गोळ्यांनी दम लागणं कमी झालं.

पाणी ती आता पिते. दुकानाशेजारी रक्त तपासायची लॅब आहे, तिथल्या काउंटरवरच्या मुलीने पाचही जणींना आतलं बाथरूम वापरू दिलं. मालकाला सांगू नका, एवढीच तिची अट. बाजी सोबत एक लिटरची बाटली नेते, दुपारपर्यंत संपवते, परत भरते.

लॅब रविवारी बंद असते. आमच्याकडे आठवडी बाजार रविवारचा, दुकानात सगळ्यात जास्त गर्दी त्याच दिवशी. त्या दिवशी बाटली घरीच असते, ओट्यावर.